ठोकळ्यात ठोकळा कसा काढावा

(उद्यमनगरातील होतकरू टर्नरांसाठी)

प्रस्तावना : धातूच्या ठोकळ्याच्या पोटात दुसरा सुटा ठोकळा. सहा बाजूंना सहा गोल भोकं. आतला खुळखुळतो, पण बाहेर येत नाही. सांधा नाही, वेल्डिंग नाही. याला टर्नर्स क्यूब म्हणतात. उपयोग शून्य.

१. मुहूर्त : शेठ लांबच्या लग्नाला गेलेले असावेत. ते शेडमध्ये असले की प्रत्येक जॉबला ‘हा कुठल्या पार्टीचा?’ हा प्रश्न येतोच, आणि या जॉबला पार्टी नाही.

२. माल : पितळ उत्तम. आमचे मिस्त्री ते भंगाराच्या पेटीतून उचलतात. याला चोरी म्हणत नाहीत, ‘स्टॉक हलका करणं’ म्हणतात. पितळाला टूलचा माथा सपाट ठेवावा, उतार दिला की टूल जॉबमध्ये खेचलं जातं.

३. मापं : बाहेरचा ठोकळा ५० मिमी, आतला २५, भोक ३२ व्यासाचं, १२.५ खोल. आतल्या ठोकळ्याच्या एका बाजूचा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा कर्ण ३५.४ भरतो, म्हणून तो ३२ मधून निसटत नाही. पण त्याच कारणानं त्याचे आठही कोपरे बाहेरच्या अंगाला चिकटून राहतात. सगळी मेख इथेच आहे.

४. बांधणी : फोर-जॉ चक, जॉखाली पातळ पत्रा, आणि डायल लावून सेंटर. सहा बाजू म्हणजे सहा वेळा सेंटर. ‘डोळ्यानं बघितलं की कळतंय’ म्हणणाऱ्याला लेथजवळ फिरकू देऊ नये.

५. ड्रिल : टोकाला ११८ अंशांचा शंकू असतो. खोली टोकापासून मोजावी, नाहीतर आतल्या ठोकळ्याला खळी पडते आणि ती कुठल्याही पॉलिशनं जात नाही. तळ बोअरिंग टूलनं सपाट करावा.

६. अंडरकट : आता कोपरे सोडवायचे. आडव्या नाकाचं टूल विकत घेऊ नये, घासावं. नाक ३ मिमी रुंद, आणि खालची टाच गोलाईत काढलेली, कारण सरळ टाच भोकाच्या भिंतीला घासते. तळाशी टूल न्यायचं, मग क्रॉस स्लाइड आपल्याकडे ओढत त्रिज्या १८ च्या थोडी पुढे. दुसऱ्या-तिसऱ्या बाजूपासून शेजारची भोकं आडवी येतात, कट तुटक होतो आणि लेथ ठकठकू लागतो. तेव्हा घाई करू नये. मिस्त्री ग्राइंडरवर टूल घासताना गुणगुणतात, आणि एरवी दिवसभर शिव्या घालणारा हा माणूस तेवढा वेळ कुणावर ओरडत नाही. घरी त्यांना कुणी असं बघितलेलं नाही.

७. बुचं : शेवटच्या अंडरकटला आतला ठोकळा सुटतो, तोही चक फिरत असताना. म्हणून झालेल्या भोकांत घट्ट बुचं बसवून त्याला आधीच धरून ठेवावं. काही जण मेण ओततात. हे विसरणाऱ्याचं टूल तुटतं.

८. चकची चावी चकमध्ये ठेवू नये. हा विनोद नाही.

९. पाहुणे : ‘कास्टिंग आहे काय?’, ‘दोन अर्धे जोडलेत न्हवं?’ अशा प्रश्नांना उत्तर देऊ नये. ‘याचा उपयोग काय?’ म्हणणाऱ्याला रशियाचा झार पीटर सांगावा. एवढं साम्राज्य हाताशी असून तो लेथवर हस्तिदंत कातायचा; दरबारात नार्तोव्ह नावाचा लेथ बनवणारा कारागीर बाळगायचा. त्याला कुणी विचारलं नसेल.

१०. शेठ : एक ना एक दिवस ठोकळा शेठच्या हाती लागणारच. खुळखुळवून बघतील, टेबलावर ठेवतील, आणि म्हणतील, “झ्याक हाय की. दिवाळीला पार्ट्यांना वाटायला शंभर नग काढ बघू.” वाद घालू नये. दर, वेळ यांचा हिशोबही मांडू नये, ते मानत नाहीत. ‘पहिला नग तुमच्या हातनं होऊ दे, शेठ, शुभ असतंय’ असं म्हणून त्यांना ऍप्रन द्यावा. तिसऱ्या बाजूच्या अंडरकटला ऑर्डर आपोआप मिठाईच्या बॉक्सवर येते.