परत मागवण्याजोगी आग

सुगंधी मेणबत्ती बाजारातून परत मागवली जाते ती ठरावीक कारणांनी: ज्योत बेताबाहेर उंच जाते, काचेचे भांडे तडकते किंवा मेणाचा अख्खा वरचा थरच पेट घेतो. अमेरिकेत अशा वेळी ग्राहकाला बहुधा पैसे परत मिळतात. भारतातही 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम 20 धोकादायक वस्तू परत मागवण्याचा, इतकेच नव्हे तर धोकादायक सेवा थांबवण्याचाही अधिकार केंद्रीय प्राधिकरणाला देते.

9 जानेवारी 2021 रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली. 10 बाळे दगावली, 7 वाचली. तिथे मेणबत्ती नव्हती. (मेणबत्तीच्या वेष्टनावर निदान ‘लहान मुलांपासून दूर ठेवा’ एवढे तरी छापलेले असते.) सरकारी इमारत परत मागवण्याची सोय नसल्याने तिच्यासाठी चौकशी समिती नेमतात, तशी ती नेमली गेली. राज्यभरच्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेशही तत्परतेने सुटले. ऑडिटमुळे आग विझत नाही, पण फाइल जाड होते. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला.