नशिबाचा सातबारा

शब्दांची मुळं सांगणारा माणूस पंगतीत कोणालाच शेजारी नको असतो. मला तर ती सांगायची भारी हौस. त्यामुळे आपण विद्वान दिसतो, हा माझा समज अजून कोणी मोडलेला नाही. तर ऐका. 'नशीब' म्हणजे अरबी 'नसीब', अर्थात हिस्सा. 'किस्मत' म्हणजे वाटणी. अरबी नको म्हणून संस्कृताकडे पळालात, तर 'भाग्य'ही 'भागा'तूनच निघालेलं. अकोल्याच्या जुन्या शहरात राजराजेश्वराच्या दारी बोला की मशिदीच्या पायरीवर, विषय वाटपाचाच. वैदिक देवांत हे खातं भगाकडे, आणि दक्षाच्या यज्ञात रुद्रानं त्याचे डोळे घालवले. म्हणजे वाटप करणारा आंधळा! नोंदींचं काम आपल्याकडे सटवाईकडे. पाचवीच्या रात्री तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, ती बाळाच्या कपाळी लिहून जाणार. उजेड पणतीचा, पंच गैरहजर, हरकतीला मुदत नाही आणि नक्कल तर मागूच नका. इतका गुप्त सातबारा कुठल्याही तलाठ्याला जमलेला नाही.

कोणी म्हणेल, मुळाला काय चाटायचंय? बोलणाऱ्याच्या मनात योगायोगच असतो. मग 'नशिबी आलं' आणि 'वाट्याला आलं' एकमेकांच्या जागी बिनतक्रार कसे बसतात? अकोल्याला तर इतिहासच साक्षीला आहे. मोर्णेकाठचा असदगड ज्याच्या नावाचा, त्या असदखानाच्या जहागिरीत हे गाव होतं. पुढे निजाम-भोसल्यांची दुअमली, म्हणजे एका पिकाला दोन धनी. फौजेच्या खर्चाची निजामाकडे बाकी राहिली, तेव्हा 1853 साली अख्खा वऱ्हाड कंपनीच्या हवाली झाला. यात योगायोग कुठे आला? पाऊस कोणी वाटत नाही, हे कबूल. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टाही कोणी वाटलेला नाही. ते दैव. पण कालवा, वीज, कापसाचा भाव यांच्या वाटपाला बसलेल्यांचे डोळे शाबूत असतात. म्हणून 'आपलं नशीबच फुटकं, बावा' हे कास्तकाराच्या तोंडून ऐकलं की मला विनोद सुचत नाही. फुटलेलं काहीच नसतं, हिस्सा कमी पडलेला असतो. याच अकोल्यात 8 ऑगस्ट 1947 ला विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्राच्या पुढाऱ्यांत एकत्र येण्याचा करार झाला. 1953 च्या नागपूर करारानं लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचा वाटा कबूल केला. तो किती कमी पडला, हे 1984 साली दांडेकर समितीनं आकड्यांत मांडलं. विदर्भाच्या नशिबाला तेव्हापासून सरकारी नाव आहे: अनुशेष.