पिन काय तुमचा?

अप्पांना तुम्ही ओळखता. तुमच्याकडे ते दुसऱ्यांनी चालू ठेवलेले पंखे बंद करत फिरत असतील, नाहीतर पुड्यांचा दोरा सोडवून रिळाला गुंडाळत असतील. घरचा कर्ता माणूस म्हटला की त्याला असलं काहीतरी असायचंच. आमच्या अप्पांना पिनकोड होता. मधुमेह असतो तसा.

अप्पा म्हणजे आमचे थोरले काका. रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, आरएमएसमध्ये, सॉर्टर होते. रात्रभर गाडीच्या टपालडब्यात उभ्याने पत्रं लावायची आणि सकाळी घरी येऊन झोपायचं. त्यामुळे मिरजेच्या आमच्या घरात दिवस कुजबुजत चालायचा. शिटीने अप्पांची झोप मोडेल म्हणून कुकर माळ्यावर. वरण पातेल्यात शिजायचं. आम्हा पोरांची भांडणंही परसात, हलक्या आवाजात. हलक्या आवाजात भांडण रंगत नाही, करून बघा. संध्याकाळी उठले की चहाच्या आधी चौकशी, "टपाल काय आलं?" पत्रावर पिन नसला की मजकूर कितीही गोड असो, पाठवणारा मनातून उतरलाच.

15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड सुरू झाला. देशाने त्या दिवशी स्वातंत्र्याची पंचवीस वर्षं साजरी केली; अप्पांच्या लेखी खरं स्वातंत्र्य त्या दिवशी मिळालं. ही पद्धत बसवणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी, वर संस्कृत कवी. त्यांच्या श्रेयातला थोडा वाटा अप्पा गुपचूप आपल्याकडे ओढून घ्यायचे. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन टपाल कचेरीचे, हे आम्ही पाढ्यांच्या आधी शिकलो. घरात माणसांना नावं होती, पण वापरात नव्हती. बंगळूरची आत्या 560. सैन्यातला आतेभाऊ नुसता "नऊ", कारण नवाने सुरू होतं ते लष्करी टपाल. अमेरिकेहून कुणी भाचा आला तेव्हा अप्पांनी त्याच्या पत्त्यातले आकडे मोजले, पाचच भरले म्हणून कीव केली आणि त्याला आग्रहाने आणखी एक पोळी वाढायला लावली. त्या देशाने हे 1963 मध्येच सुरू केलं होतं, हे सांगायची घरात कुणाची छाती नव्हती.

स्थळ आलं की पत्रिकेआधी पिन बघायचे. एकदा वाईचं स्थळ आलं. "412803," अप्पा म्हणाले. "जिल्हा सातारा, पिन पुण्याच्या बाजूचा. घरात नक्की कुणाचं चालतं त्याची आधी चौकशी करा." आणि सांगलीबद्दल तर बोलायलाच नको. आमचा मिरजेचा 416410, सांगलीचा 416416. "सांगलीकरांना कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागते," अप्पा दर पाहुण्याला ऐकवायचे, "हे खात्याला तेव्हाच कळलं होतं." पाहुणा सांगलीचा असला तर दोनदा ऐकवायचे.

त्यांना काम करताना बघायचं ते घरच्या लग्नात. निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा घेऊन सतरंजीवर बसायचे, डाव्या हातात गठ्ठा, उजव्या हाताचा अंगठा किंचित ओला. नजर पत्त्यावर जेमतेम टेकायची, की पत्रिका सुटून आपापल्या ढिगावर जाऊन पडलेली असायची, कडेला कड लागून. मध्येच कुणी पुढ्यात चहा ठेवला तरी हात थांबत नसे. बिनपिनाच्या पत्रिका मांडीखाली. त्यांचे पिन लिहून झाल्याशिवाय एकही लखोटा घराबाहेर पडायचा नाही, मग मुहूर्त उद्यावर का असेना. अशाने एका मावशींना आमंत्रण लग्नानंतर मिळालं. त्या अजून बोलत नाहीत. अप्पांचं म्हणणं, पिन बरोबर होता.

आता सांगायला नको वाटतं, पण सांगतो. आजोबा गेले तेव्हा अप्पा अठरा वर्षांचे. तीन बहिणींची लग्नं, घरावरचं कर्ज, आजीचं दुखणं, सगळं त्या टपालडब्याच्या पगारातून निघालं. धाकट्या काकांना पुण्याला इंजिनिअरिंगला घातलं. त्यांना दर महिन्याला मनीऑर्डर जायची आणि कुपनावर मजकुराच्या जागी एकच ओळ: "पैसे पाठवले. पत्रावर पिन लिहीत जा." काकांनी लिहिला नाही. पैसे थांबले नाहीत. स्वतः अप्पांनी कधी नवा शर्ट शिवल्याचं मला आठवत नाही. खात्याची खाकी झिजेपर्यंत अंगावर.

पुढे काकांनी पुण्यात बंगला बांधला आणि काही वर्षांनी मिरजेच्या घराची वाटणी मागितली. तोंडाने नाही, वकिलाच्या नोटिशीने. रजिस्टर्ड, पोचपावतीसह. काकूंनी तिथल्या तिथे बोटं मोडली, माझे वडील फोनकडे धावले. अप्पांनी मात्र नोटीस शांतपणे दोनदा वाचली, पाकीट उलटं करून बघितलं आणि लाल पेन्सिल मागितली. वकिलाने मिरजेच्या पत्त्यावर 416416 लिहिलं होतं.

"सांगली?" अप्पा म्हणाले. एवढंच लागलं त्यांना.

आकडा दुरुस्त करून त्यांनी काकांना पोस्टकार्ड टाकलं. ते टाकायला मीच गेलो होतो, म्हणून मजकूर ठाऊक आहे: "नोटीस पोचली. वाटणी मान्य. वकिलास सांगणे, पिन 416410." वाटणीत रस्त्याकडच्या दोन खोल्या काकांना गेल्या. अप्पा मागच्या बाजूला राहायला गेले आणि पोस्टमनला पत्रं मागल्या दाराने आणायची सवय त्यांनी आठवड्याभरात लावली.

अप्पा गेले तेव्हा उत्तरकार्याची पत्रं छापायचं काम काकांनी स्वतःकडे घेतलं. छापून आली. काकांनी वरचं पत्र उचललं, खालचा पत्ता वाचला आणि तडक प्रेस गाठला. मी मागोमाग गेलो.

"मजकुरात लिहून दिलेला पिन गाळलात कसा?"

"साहेब, हे सगळं व्हॉट्सॲपवरच जाणार ना? फोटोत पिन कोण बघतो?"

त्यावर काका प्रेसवाल्याशी जे भांडले, तसं चढ्या आवाजात भांडताना आमच्या घराण्यातल्या माणसाला मी पहिल्यांदाच ऐकलं. पहिला गठ्ठा रद्दीत गेला, दुसरा छापला. दोन्हींचे पैसे काकांनी भरले, आणि त्यात मात्र कुणाकडे वाटणी मागितली नाही.