नकाराविना ‘एनीमोअर’

पिट्सबर्ग

तीर्थरूप आबांच्या सेवेशी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपली नात दूरध्वनीवर ‘आम्ही एनीमोअर भात खातो’ असे म्हणाली, आणि आमच्या घरातून तांदूळ हद्दपार झाल्याचे आपण जाहीर करताच आईने अंथरूण धरले, असे धाकट्याच्या निरोपावरून समजले. वस्तुस्थिती नेमकी उलट असून, डॉक्टरांच्या हुकमाने बंद असलेला भात हल्ली पुन्हा सुरू झाला आहे, एवढेच पोर सांगत होती.

आता खुलासा. पूर्वी होते ते आता राहिले नाही, हे सांगताना वाक्यात आधी नकार घालून मगच ‘एनीमोअर’ हा इंग्रजी शब्द योजावा, असे आपण आम्हांस छडी हाती घेऊन शिकवलेत. नकारावाचून तो वापरणे म्हणजे वारसाचा दाखला न जोडता सातबाऱ्यावर नाव चढवणे. परंतु पश्चिम पेन्सिल्व्हेनियापासून ओहायो-इंडियानापर्यंतच्या मुलखात तोच शब्द नकाराला फाटा देऊन ‘हल्ली’ या अर्थाने बिनदिक्कत नांदतो, आणि ही लकब अठराव्या शतकात उत्तर आयर्लंडातून इकडे आलेल्या स्कॉच-आयरिश मंडळींनी आणली असावी, असा भाषापंडितांचा कयास आहे.

आमचे वयोवृद्ध शेजारी पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मोनोंगहेला नदीकाठचा होमस्टेडचा अवाढव्य कारखाना १९८६ साली बंद पडला, आणि आज त्या जागी दुकाने, उपाहारगृहे व चित्रपटगृह असून जुनी १२ धुराडी तेवढी ओळीने उभी ठेवली आहेत. ती दाखवताना हे गृहस्थ एकाच दमात सांगतात, की इथे एनीमोअर पोलाद होत नाही, आणि इथे एनीमोअर लोक पिझ्झा खातात! एकाच शब्दाने कारखान्यास कुलूप ठोकून भटारखानाही उघडला, याचे त्यांना यत्किंचितही नवल वाटत नाही. (मला विचाराल तर, व्याकरण त्यांच्याकडे नसले तरी हक्क त्यांचाच.)

सौ.ने मात्र या शब्दाचा धसका घेतला आहे. वर्गात मुखस्तंभासारखी बसणारी आपली नात ‘एनीमोअर बोलते’ असे बाईंनी कौतुकाने सांगताच, मुलीची वाचा गेली या समजुतीने सौ.ने भर शाळेत तिला ‘आ’ करायला लावून घसा तपासला.

आईस धीर द्यावा. मेतकूट मात्र अस्सल मराठी अर्थाने संपले आहे. येणाऱ्या कोणाबरोबर किलोभर धाडावे.

आपला आज्ञाधारक,
बाळ