मध्यम ते जोरदार सूप

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका सकाळी संदेश येतो : 'आकाश निरभ्र राहील. किमान तापमान १३ अंशांच्या आसपास. दुपारी एकनंतर दुधी-टोमॅटो. आलं हलकं, तुरळक ठिकाणी मिरी.' खाली सही नसते आणि तिची गरजही नसते. अप्पांचा मोसम दाखल झालेला असतो. तो होळीपर्यंत देशाच्या या भागातून माघार घेत नाही.

आमची सोसायटी यमुनेपलीकडे, आय. पी. एक्स्टेन्शनमध्ये. अप्पा तिसऱ्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. म्हणजे सूप वरून खाली येताना पहिला थांबा आमचा.

अप्पा हवामान खात्यातले. पुण्याला शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात लागले आणि १९८८ साली बदली होऊन लोदी रोडच्या मौसम भवनात आले. या बदलीलाही त्यांनी इतिहासाचं पाठबळ शोधून ठेवलं आहे. खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं आणि १९४४ साली पुण्याहून दिल्लीला गेलं. "मी त्याच्याच मागोमाग आलो," अप्पा सांगतात, "चव्वेचाळीस वर्षं लेट, एवढंच. धुक्यात व्हायचंच." सगळी नोकरी त्यांनी लोकांच्या गारठ्याची नोंद ठेवण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर त्या गारठ्यावर काहीतरी उपाय करावा असं त्यांच्या मनाने घेतलं आणि काकूंचा ओटा दुपारी अकरा ते एक त्यांच्या ताब्यात गेला.

आता निवृत्त मराठी माणूस स्वयंपाकघरात शिरतो तेव्हा तो नेमका सूपच का करतो, यावर मी बराच विचार केला आहे. कारण हा नमुना काही आमच्यापुरता नाही. द्वारकेत, नोएडात, गुडगावच्या विसाव्या मजल्यावर, कानटोपी घालून मिक्सरपाशी उभे असलेले असे अप्पा मी पाहिले आहेत. माझ्या मते कारण साधं आहे. पोळी गोल झाली नाही की ते शेजारच्या पोरालाही दिसतं. भात करपला की जिन्यात वास येतो. पण सूप चुकलं हे कोणालाही सिद्ध करता येत नाही. पातळ झालं तर ते हलकं असतं, घट्ट झालं तर पौष्टिक, आणि कशाचीच चव लागत नसेल तर ते 'नॅचरल' असतं. जन्मभर हवामानाचे अंदाज दिलेल्या माणसाला याहून सोयीचा पदार्थ कुठे मिळणार?

दिल्लीच्या थंडीबद्दल मात्र अप्पांची थट्टा करायची सोय नाही. महाराष्ट्रातून आलेल्याला ती कळायला एक अख्खा हिवाळा जातो. आपल्याकडे थंडी बाहेर असते म्हणून माणूस घरात शिरतो. इथली घरं मे महिन्यासाठी बांधलेली, त्यामुळे जानेवारीत घरातली फरशी बाहेरच्या बाकापेक्षा गार लागते आणि माणसं ऊब शोधत बागेत येऊन बसतात. ८ जानेवारी २००६ रोजी सफदरजंगला पारा ०.२ अंशांवर उतरला तेव्हा अप्पा ड्यूटीवर होते. ही गोष्ट ते एखाद्या माजी सैनिकाने आघाडीची आठवण सांगावी तशी सांगतात. त्यावर कोणी म्हणालंच की "बापरे, रेकॉर्डच असेल," तर लगेच, "छे! रेकॉर्ड १९३५ सालचं. १६ जानेवारी. उणे ०.६." ३० डिसेंबर २०१९ ला तर दिवसाचं कमाल तापमानच ९.४ होतं. त्या दिवशी आमच्या इमारतीत सूपची दुसरी फेरी झाली. खात्याच्या नियमानुसार सपाट प्रदेशात किमान तापमान ४ अंशांवर किंवा त्याखाली गेलं की शीतलहर धरतात. अप्पांच्या नियमानुसार शीतलहर म्हणजे संध्याकाळचं सूप.

त्यांची तयारी सकाळी सफलच्या दुकानापासून सुरू होते. तिथे ते फक्त लाल गाजर घेतात. दिल्लीचं हिवाळी लाल गाजर, लांब, रसाळ, ज्याचा इथे घरोघर हलवा होतो. नारिंगी गाजर कोणी पिशवीत टाकलं तर ते बाहेर काढतात. "लाल गाजराचा रंग आणि टोमॅटोचा रंग एकच, लायकोपीन. नारिंगी घातलंस तर सूप कावीळ झाल्यासारखं दिसतं." पालकाच्या सूपवर झाकण ठेवायला त्यांच्या राज्यात बंदी आहे. झाकण ठेवलं की पानांतलं आम्ल वाफेबरोबर जात नाही, परत पातेल्यात पडतं आणि हिरव्याचं शेवाळी होतं. हे शास्त्र खरं आहे. अडचण एवढीच की ते शास्त्र समजावून सांगण्यात अप्पा इतके रंगतात की तोवर पालक उघड्या पातेल्यातही शेवाळी होतो.

कॉर्नफ्लॉवरशी त्यांचं जुनं वैर. "लग्नातलं सूप" एवढ्या दोन शब्दांत ते त्याचा निकाल लावतात. दाटपणासाठी मूठभर मसूर डाळ, नाहीतर लाल भोपळ्याची फोड. या वैरात राजधानी एक्स्प्रेस तेवढी अपवाद. मुंबई-दिल्ली फेऱ्यांत ट्रेमधून येणारं ते टोमॅटो सूप, कागदातली ती काडी आणि लोण्याची चिमुकली वडी, याबद्दल अप्पांच्या मनात अतिशय हळवा कोपरा आहे. लोणी काडीला लावायचं की सूपमध्ये सोडायचं, यावर त्यांचा आणि काकूंचा वाद लग्नानंतरच्या पहिल्या दिल्ली प्रवासात सुरू झाला. तो अजून निकाली निघालेला नाही.

पण अप्पांचं खरं संशोधन मटाराच्या सालींचं. डिसेंबरात मटार स्वस्त झाले की अख्खी सोसायटी बागेतल्या उन्हात पाटीभर शेंगा सोलत बसते. दाणे फ्रीजरमध्ये जातात, साली कचऱ्यात. अप्पांना हे पाहवलं नाही. कापडी पिशवी घेऊन ते बाकाबाकापाशी हिंडू लागले. "आंटीजी, वो साल मेरे को दे दीजिए." पहिल्या दिवशी पंजाबी आंटींनी कौतुकाने विचारलं, "भाई साहब, गाय रखी है क्या?" अप्पा म्हणाले, "नहीं, घर में ही लगता है." त्यानंतर आठवडाभर बागेतल्या बायका काकूंकडे जरा करुणेनेच बघत होत्या.

ते सूप होताना मी एकदा जवळून पाहिलं आहे. साली धुऊन, देठाची दोरी ओढून काढून, आल्याचा तुकडा घालून कुकरला तीन शिट्ट्या. मग मिक्सर. मग गाळणं, आणि हीच खरी मेहनत, कारण सालीच्या आत चामड्यासारखा एक पातळ पापुद्रा असतो तो कितीही वाटला तरी वाटला जात नाही. अप्पा पुरणाच्या चाळणीत वाटण ओततात आणि वाटीच्या बुडाने घासत राहतात. चष्म्यावर वाफ धरते, कानटोपी मागे सरकते, दंड दुखतो. चाळणीत चोथ्याचा ढीग आणि खाली वाडगाभर हिरवागार, गोडसर, खरोखर सुरेख रस. वर तुपात जिरं आणि ताजी मिरी. मी मनापासून वाहवा केली. पुरणाची चाळणी घासायला घेतलेल्या काकू म्हणाल्या, "दाण्यांचं केलं असतं तर दहा मिनिटांत झालं असतं."

"अगं, दाण्यांचं कोणीही करेल."

"तेच म्हणतेय मी. कोणीही करेल."

वाटपाची पद्धत ठरलेली. मोठा थर्मास, गळ्यात मफलर, खिशात मिरीची कुपी. बेल वाजते. "पाच मिनिटांत प्या, साठ अंशांच्या खाली गेलं की दम जातो." आणि मग ते पाचही मिनिटं दारात उभे राहतात. पिणाऱ्याचा चेहरा ते निरखत असतात. अशा वेळी चेहऱ्यावर काय ठेवावं हे मी आता शिकलो आहे : भुवया किंचित वर, मान दोनदा, आणि "आज काहीतरी वेगळं आहे." वेगळं काय ते अप्पाच सांगतात. तळमजल्यावरचे बंगाली दादा प्रामाणिक गृहस्थ. ते एकदा म्हणाले की मीठ नाही. अप्पांनी आकाशाकडे पाहिलं. "वेस्टर्न डिस्टर्बन्स आहे. ढग आले की जीभ मंदावते. परवा तो पुढे सरकेल, मग बघा." परवा मीठ होतं. अंदाज बरोबर ठरला असं अप्पांनी ग्रुपवर कळवलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तरी ते घरी बसतील अशी काकूंची अपेक्षा होती. पहाडगंज, करोलबागेपासूनच्या मराठी बायका जमलेल्या, उखाणे चाललेले, आणि दार लोटून थर्मास आत आला. मागून अप्पा. "तिळगूळ घ्या, सूप प्या!" बायकांना ते आवडलं. ही खरी पंचाईत झाली, कारण पुढच्या वर्षीपासून वाण म्हणून सूपचे मग वाटावेत असा प्रस्ताव अप्पांनी मांडला आणि तो काकूंना बहुमतापुढे मान्य करावा लागला.

स्वतः अप्पा सूप पीत नाहीत, हे सांगायचं राहिलं. फेरी संपवून आले की ते खुर्चीत बसतात आणि काकू त्यांना चहा देतात. आलं घातलेला, दुधाचा, चांगला दोन चमचे साखरेचा. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "अरे, अंदाज देणारा छत्री घेऊन फिरतो का?"

या माणसाने कोणाची सूचना स्वीकारल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. पंजाबी आंटींनी सुचवलेला लसूण त्यांनी 'स्थानिक परिणाम' म्हणून बाजूला ठेवला. मुलीने पुण्याहून पाठवलेल्या ब्रोकोलीच्या पाककृतीला उत्तरच दिलं नाही. पण गेल्या जानेवारीत कुळथाचं प्रकरण झालं.

अप्पा मूळचे संगमेश्वराकडचे. थंडी हाडात शिरली की त्यांना कुळथाचं कळण आठवतं. कोकम आय. एन. ए. मार्केटात मिळालं, पण त्या दिवशी कुळीथ काही हाती लागले नाहीत. फाटकापाशी पिशवी खाली ठेवून ते आमच्या चौकीदाराला कुळथाचं वर्णन ऐकवत होते : चपटे, तांबूस, कडक, शिजता शिजत नाहीत. चौकीदार पौडी गढवालचा. प्रदूषणामुळे शेकोटीवर बंदी, म्हणून सोसायटीने दिलेल्या विजेच्या हीटरपुढे हात धरून तो म्हणाला, "साब, ये तो गहत है. हमारे यहाँ जाड़े में रोज़ बनती है. पथरी में भी देते हैं."

अप्पा थक्क झाले. सह्याद्रीतली आपली गरिबाघरची डाळ हिमालयात हिवाळा काढते, हे हवामान खात्यात इतकी वर्षं काढून त्यांना कोणी कळवलं नव्हतं. चौकीदाराच्या गावाहून किलोभर गहत आली. अप्पांनी ती रात्रभर भिजवली, कुकरमध्ये शिट्ट्या मोजायच्या सोडून दिल्या, वरचं दाट तपकिरी पाणी निथळून घेतलं, मूठभर कुळीथ वाटून त्यात मिसळले, कोकम, हिंग-जिऱ्याची फोडणी, आणि काकूंनी न विचारता ओतलेलं वाटीभर नारळाचं दूध. पहिला ग्लास फाटकावर गेला. चौकीदाराने तो घोटाघोटाने संपवला. अप्पा समोर उभे. भुवया, मान, 'काहीतरी वेगळं आहे' यातलं तो काहीच शिकलेला नव्हता.

"अच्छा है साब. बस जखिया का तड़का नहीं है."

"वो क्या होता है?"

मोहरीसारखा काळपट बारीक दाणा. फोडणीत तडतडतो आणि दाताखाली कुरकुरतो. पुडी त्याच्या ट्रंकेतच होती. अप्पांनी ती घेतली नाही. "बघू," म्हणाले आणि वर गेले. दोन दिवस सूप नव्हतं. इमारतीत काळजीचं वातावरण पसरलं. मला काकूंनी जिन्यात हळूच सांगितलं की ते वनस्पतींची पुस्तकं घेऊन बसले आहेत, आणि जखिया म्हणजे आपल्याकडे शेताच्या बांधावर तण म्हणून उपटतात ती पिवळी तिळवण असल्याचं त्यांनी शोधून काढलं आहे. पुडी खालून केव्हाच वर आली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर संदेश आला : 'दाट धुकं. किमान ५. दुपारी कुळथाचं कळण, जखिया विरळ ते मध्यम. ही फोडणी मूळ कोकणातलीच असून कालांतराने उत्तरेकडे सरकली असावी.'

दुपारी अप्पा थर्मास घेऊन फाटकाशी गेले तेव्हा मी मागेच होतो. चौकीदार आता ग्रुपवर आहे. ग्लास पुढे करत त्याने अगदी सरळ मनाने विचारलं, "साब, ये कोंकण पौड़ी से कितना दूर पड़ता है?"

अप्पांनी थर्मासचं झाकण फिरवलं. "वो हवा के ऊपर है," ते म्हणाले.