वाहवा मांडवात, वाभाडे फलाटावर

बोदवडला कविसंमेलन असलं की मांडवात टीका औषधालाही सापडत नाही. तिथे फक्त 'वा, क्या बात है', शाल, श्रीफळ आणि शेवटी भरीत-पुरीची पंगत. परखड मत हवंच असेल तर कार्यक्रम आटोपल्यावर स्टेशन गाठावं. भुसावळकडची गाडी लेट असते. मघाशी पहिल्या रांगेत माना डोलावणारे भाऊ तिथे चहाचा घोट घेत मोकळे होतात : "यमकासाठी तिसऱ्या कडव्यात धडधाकट बैल मारला की राव त्यानं!" बैल मारणारा कवी फलाटाच्या दुसऱ्या टोकाला, ऐन उन्हाळ्यात शाल पांघरून, खुशीत.

खरं तर जळगाव जिल्ह्याला कविता भर सभेत मांडायची आणि घरातच जपायची, अशा दोन्ही रीती ठाऊक आहेत. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात धरणगावचे ठोंबरे कोवळ्या वयात भर सभेत उभे राहिले आणि 'बालकवी' होऊन परतले. बहिणाबाई चौधरींच्या कविता मात्र घरच्यांनी उतरवलेल्या वहीतच राहिल्या. १९५१ साली त्या गेल्या, मग त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं.

आमच्या कवींनी तिसरी रीत काढलीय. हस्तलिखित खाजगीत हातावर ठेवायचं, आवाज खाली आणायचा आणि म्हणायचं, "भाऊ, एकदम मोकळेपणानं सांगा बरं, भीड नको." वही उघडावी तर आतून प्रकाशनाची छापील पत्रिका घसरते. प्रमुख वक्ते म्हणून आपलंच नाव.