बिनपगारी देव

गावात त्याला 'देवा' म्हणतात. आईवडिलांनी ठेवलेलं नाव वेगळं आहे, रेशनकार्डावरही वेगळंच आहे. 'देवा' हे त्याच्या हुद्द्याचं नाव. बदनापूरच्या बसस्टँडच्या अलीकडे, जालना रोडला लागून त्याचं दहा बाय बाराचं ऑनलाइन सेंटर आहे. दिवसा तिथे सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला आणि झेरॉक्स निघते. रात्री शटर अर्धं खाली येतं आणि आतून एका अख्ख्या जगाचा कारभार चालतो. त्या जगाची लोकसंख्या चांगल्या दिवशी चौदा असते.

जग म्हणजे खेळ. पुष्कळ जणांनी आपापल्या घरून एकाच वेळी खेळायचा; पण त्यात चित्र नाही, आवाज नाही. काळ्या पडद्यावर नुसत्या ओळी. 'तुम्ही बदनापूर स्टेशनासमोर उभे आहात. उत्तरेला रसवंती आहे. एक म्हैस तुमच्याकडे रागाने बघते आहे.' यावर आपण 'मार म्हैस' असं टाइप करायचं. मग म्हैस मरते, नाहीतर आपण. बहुतेक वेळा आपण. म्हैस मेलीच, तरी थोड्या वेळाने ती आपोआप पुन्हा तिथेच उगवते आणि पुन्हा तशीच बघते.

पीकविम्याला आलेले शेतकरी तो काळा पडदा पाहतात आणि 'साईट बंद हाय व्हय?' असं म्हणून समोरच्या सेंटरवर जातात. समोरच्याने अजून एकदाही जाहिरात केलेली नाही. गरजच पडलेली नाही.

अशा खेळांना 'मड' म्हणतात. 'मल्टी-युजर डंजन'चं ते लघुरूप. १९७८ साली इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने पहिला मड लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. पुढे कॉलेजची पोरं त्याच्या इतकी नादी लागली की 'मड' म्हणजे 'मल्टिपल अंडरग्रॅज्युएट डिस्ट्रॉयर', असा दुसरा अर्थ थट्टेने रूढ झाला. आमचा देवा इंजिनिअरिंगच्या होस्टेलात या दुसऱ्या अर्थाच्या तावडीत सापडला. दोन विषय राहिले, ते राहिलेच. घरी आल्यावर आईने विचारलं, "काय करायलास रे रातभर?" तो म्हणाला, "मड चालवतो." आईला ऐकू आलं 'मढं'. ती माउली पुढचे आठ दिवस उंबऱ्यावर लिंबू ठेवत होती.

देवपण त्याला मिळालं कसं, याचीही कथा आहे. त्याच्या खेळाचा सांगाडा 'सर्कलमड' नावाचा. १९९३ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेरेमी एल्सनने तो तयार केला. त्यात माणसाच्या तीस पायऱ्या. एकतिसावी चढलात की अमर, बत्तिसावीला देव, तेहतिसावीला महादेव आणि चौतिसावीला साक्षात कर्ता. चढायला वर्षं लागतात. पण रिकाम्या जगात जो सगळ्यात आधी पाऊल ठेवेल तो आपोआप चौतिसाव्या पायरीवर बसतो, अशी सोय कोडातच आहे. देवा आधी गेला. दुसरं कोणी येणारही नव्हतं.

सर्कलमडच्या पोटात आणखी जुना 'डिकूमड' आहे. कोपनहेगन विद्यापीठातल्या पाच जणांनी तो १९९०-९१ च्या सुमारास लिहिला आणि वापरायला मोफत दिला. अटी मोजक्या. त्यातल्या दोन देवाला पाठ आहेत : खेळ उघडताना आम्हा पाचही जणांची नावं दिसली पाहिजेत, आणि यातून कुठल्याही मार्गाने नफा कमवायचा नाही. सप्ताहाच्या पत्रिकेवर खाली 'सौजन्य' छापतात तशी ती डॅनिश नावं बदनापुरात रोज रात्री उमटतात. चहावाल्या पोराने एकदा त्यातलं 'हॅमर' हे नाव वाचून विचारलं, "हे जालन्याच्या स्टील मिलवाले का?"

दुसऱ्या अटीने मात्र घरात महाभारत घडवलं.

"किती भेटतात याचे?" आईने विचारलं.

"घेताच येत नाहीत. परवान्यात लिहिलंय."

"कुणी लिहिलंय?"

"डेन्मार्कच्या लोकांनी."

"त्याह्यला कामून तुपल्या पोटाची पडली?" आई म्हणाली, आणि फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरवर याहून नेमका प्रश्न मी ऐकलेला नाही.

सर्व्हर मात्र भाड्याचा आहे. त्याचं भाडं झेरॉक्सच्या गल्ल्यातून जातं. म्हणजे बदनापूर तालुक्यातल्या प्रत्येक आधार कार्डाची प्रत त्या म्हशीला थोडी थोडी जगवते.

दिवसभर सातबारे काढून देवाच्या डोक्यात महसूल खातं शिरलंय. खेळातली प्रत्येक जागा म्हणजे एक 'खोली', मग ती उघडं शेत का असेना. आणि प्रत्येक खोलीला एक क्रमांक. मूळ खेळात ३००१ क्रमांकाला देऊळ आहे. देवाने तिथे बदनापूरचं बसस्टँड बसवलं आणि क्रमांकाला तो 'गट नंबर' म्हणतो. बदनापूरचं कृषी संशोधन केंद्रही त्याने खेळात बारकाईने उभारलंय. तिथे बीडीएन-७११ तुरीचं वरण मिळतं, ते प्यायलं की अंगात दहा हत्तींचं बळ येतं. केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी या वाणाबद्दल एवढा दावा कधी केलेला नाही.

हे गट त्याने एकट्याने बांधलेले नाहीत. त्याच्या हाताखाली तीन स्वयंसेवक आहेत : एक पुण्यात कंपनीत, एक दुबईला आणि एक स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. तिसऱ्याने आजवर चार राजीनामे दिलेत, सगळे 'वैयक्तिक कारणास्तव'. पगारच नसलेल्या नोकरीचा राजीनामा फार मानाने द्यावा लागतो, आणि परत घेताना त्याहून मानाने. गेल्या दिवाळीत पुणेकराने आपल्या गटातून उत्तरेला रस्ता काढला, तो थेट दुबईकराच्या राजवाड्यात निघाला. दुबईकराने आपल्या बाजूने दक्षिणेचा रस्ता दिलाच नाही. आत गेलेले खेळाडू दोन दिवस राजवाड्यातच अडकून पडले. "बांध कोरला त्यानं माझा!" दुबईहून मध्यरात्री फोन. देवाने दोघांनाही ऑनलाइन उभं केलं आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३ वाचून दाखवलं. बांधावरून वाट मागण्याचा हक्क, निर्णय तहसीलदाराचा. निकाल पुणेकराच्या बाजूने गेला. खऱ्या तहसीलीत एवढ्यात पहिली तारीखही पडली नसती.

शिवाय देखभाल. प्रत्येक वर्णनाच्या शेवटी एक नागमोडी रेघ द्यावी लागते, इथे मजकूर संपला म्हणून. परीक्षावाल्या पोराने एकदा रसवंतीपुढे ती रेघ द्यायची सोडली. रसवंतीने बसस्टँड गिळलं, बसस्टँडने शाळा, आणि सकाळी जग उठलंच नाही. सतराशे ओळींतून ती एक रेघ शोधायला देवाला दुपार झाली; बाहेर ई-केवायसीची रांग तापलेली. मराठीचं दुखणं निराळंच. मूळ कोडात अशी एक ओळ होती की इंग्रजी लिपीबाहेरचं अक्षर आलं की ते मुकाट्याने फेकून द्यायचं. खेळाडू 'जय हरी' टाइप करत आणि खेळाला ऐकू येई शांतता. ती ओळ सापडेपर्यंत सहा महिने देवाला वाटत होतं, लोक आपल्यावर रुसलेत.

आणि तक्रारी. रात्री दोनला कोणाची तलवार हरवते. कोणी म्हणतो, महादेवाने आपल्या मावसभावाला फुकट चिलखत दिलं. देवा नोंदवही उघडतो, पंचनामा करतो, दोन्हीकडच्या शिव्या खातो. मी त्याला विचारलं, "अरे, तू स्वतः खेळतोस कधी?" तो बघतच राहिला. सप्ताहात आचाऱ्याला 'कीर्तन कसं झालं' असं विचारल्यावर तो जसा बघतो, तसा.

तेव्हा मला तो ओळखीचा वाटला. हा माणूस मी आयुष्यभर बघत आलोय. सोमठाण्याला रेणुकामातेच्या यात्रेत चपलांच्या ढिगापाशी उभा असतो तो. गणपती मंडळात वर्गणीची पावतीपुस्तकं सांभाळतो तो. लग्नात मांडवाच्या मागे पाण्याच्या टँकरशी हुज्जत घालतो तो. अधिकार त्याच्याकडे सगळा असतो आणि उपभोग काडीचा नसतो. लोक त्याला 'तुमच्याशिवाय पान हलत नाही' म्हणतात आणि पान हलवायला त्यालाच लावतात. हा फक्त काळ्या पडद्याआड जाऊन बसलाय.

मागच्या महिन्यात त्याने मला, म्हणजे निवृत्त मास्तराला, बळेच आत नेलं. गट नंबर ३००१ वर उभं केलं. मी तीनदा मेलो. दोनदा म्हशीने, एकदा आपल्या पायांनी विहिरीत चालत जाऊन. "देवा, जिवंत कर ना मला," म्हटलं. "नियम सगळ्यांना सारखा, सर. बसस्टँडवरून सुरू करा." चाळीस वर्षं मी वर्गात हेच सांगितलं होतं, म्हणून गप्प बसलो.

तेवढ्यात पडद्यावर ओळ आली : 'तुम्हाला भूक लागली आहे.'

"भाकरी घ्या, मग 'खा भाकरी' टाइप करा," देवा म्हणाला.

टाइप केलं. पोट भरल्याचं कळवण्यात आलं.

"आणि तुला नाही लागत?"

"अमरांना नाही लागत, सर. एकतिसाव्या पायरीपासून भूक-तहान बंद. कोडातच आहे तसं."

फोन वाजला. साडेअकरा झाले होते. आई विचारत होती, ताट कधीचं झाकलंय, पिठल्याचा पार दगड झाला, येतोस का नाही. "आलोच," देवा म्हणाला. माझ्यासमोरचं हे तिसरं 'आलोच'. मग तो पडद्याकडे वळला. दुबईकराची तलवार हरवली होती.

तुमच्या गावात, मंडळात, सोसायटीत असा एक जण असणारच. त्याला शाल देऊ नका, नारळ देऊ नका, भाषणात त्याचं नावही घेऊ नका. पंगत बसली की आधी त्याच्यापुढे ताट मांडा, आणि तो 'आलोच' म्हणून उठायला लागला तर खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवा.